हातात घातलेल्या चपला

१७ जानेवारी

चि. ताई,

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी. तुम्ही दोघी गेलात त्याला अकरा आठवडे झाले. कागद मी दुसऱ्याच दिवशी आणला होता. चार वेळा ‘चि. ताई’ लिहिलं आणि पुढे सुचेना, म्हणून त्याच कागदांच्या मागे वाणसामानाच्या याद्या केल्या. माझी शाळा सातवीपर्यंत, हे तुला ठाऊक आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शाळेतल्यासारखी लाल शाई काढू नकोस.

तुझ्या आईचा पाय कसा आहे? शेकते का? तिचे लोकरीचे मोजे कपाटात वरच्या फळीवरच राहिलेत. तिकडे थंडी असेल. की नसेल? हवामानाची बातमी आमच्याच इमारतीतून जाते, पण तुमच्या गावाचं नाव त्यात कधी येत नाही.

जावईबापूंना अजून वाटतं की मी रेडिओवर कुठलंसं वाद्य वाजवतो. त्यांना एकदा नीट सांग. मी दार वाजवतो. कपबशी, नळ, जिना, कुलूप, पाऊस, सगळं वाजवतो. शनिवारी संध्याकाळी समोर चारशे माणसं बसलेली असतात, साहेब माइकपुढे उभे असतात आणि मी बाजूला कापडी पडद्याआड माझ्या पसाऱ्यात. साहेब म्हणजे आमचे मुख्य नट. गेली सहा वर्षं या विनोदी कार्यक्रमात नवऱ्याचं काम करतात, म्हणून सगळे त्यांना साहेबच म्हणतात. नवरा बाहेरच्या खोलीत बसून बढाया मारतो आणि बायको आतून एक शब्दही न बोलता उत्तर देते. भांडं आपटून, नळ सोडून, नाहीतर नुसती चालत दारापर्यंत येऊन. ती आली की साहेबांची बोलती बंद. तिला आम्ही ‘आतली’ म्हणतो. त्या कामाला नटी नाही. आतली म्हणजे मी.

हे तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिलं, कारण जे लिहायचंय ते लिहायला हात धजत नाही. एवढंच म्हणतो, त्या शनिवारी पडदा धुवायला गेला नसता तर काही झालं नसतं. पडदा सहा महिन्यांनी एकदा धुवायला जातो. मला कोणी आधी सांगितलं नाही.

आई परत कधी येते ते तिला विचार. तुझ्या शाळेच्या वेळात विचारू नकोस, निवांत विचार.

अण्णा

३ मार्च

चि. ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘आईच्या चपला पाठवा. बाकी ठीक.’ मोजून पाच शब्द. मी तीनदा उलटून पाहिलं, मागे काही असेल म्हणून. मागे पत्ता होता.

कोणत्या चपला ते लिहिलं नाहीस, पण मला कळलं. तपकिरी, डावीचा तळ पुढून झिजलेला. पाठवतो. या आठवड्यात बरासा खोका मिळाला नाही. सुतळीही संपलीय. पोस्टातही हल्ली फार रांग असते.

जाऊ दे. चपला घरात नाहीत. स्टुडिओत आहेत, माझ्या कपाटात. मी दुसऱ्या चपलांनी करून पाहिलं. सात जोड आणून बघितले. पहिल्याच तालमीत साहेबांनी कागदातून मान वर केली.

“काका, ही कोण आणलीत?”

“तीच आहे.”

“छे हो. ही कोणी पाहुणी आहे. ही आली तर मी घाबरणार नाही, बसायला खुर्ची देईन.”

सगळे हसले. कार्यक्रमाच्या बाईसुद्धा हसल्या. या बाई आमच्या निर्मात्या, स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी मला नंतर बाजूला घेतलं.

“काका, करार डिसेंबरपर्यंत आहे. तोवर आतली होती तशीच हवी.”

“बाई, माझ्या घरात यावरून...”

“घरसुद्धा कार्यक्रमाचंच आहे ना, काका?”

त्या टोचून बोलल्या नाहीत. आठवण करून दिली. या दोन खोल्या केंद्राच्या आहेत. कार्यक्रम सुटला की खोल्या सुटल्या. आणि खोल्या सुटल्या तर तुझी आई परत यायची कुठे? हा विचार आला की मी पुन्हा कपाट उघडतो, गुडघे टेकतो आणि चपला हातात घालतो.

स्टुडिओला खिडकी नाही, हे तू त्या दिवशी पाहिलंस का? दोन दारं आहेत, एकामागे एक, आत कापूस भरलेली. लाल दिवा लागला की ती उघडायची नाहीत. खोकला आला तरी उघडायची नाहीत. पूर्वी मला तिथे बरं वाटायचं. आता दिवा लागला की शर्टाचं वरचं बटण उघडतो, तरी श्वास पुरत नाही.

घरी आलं तरी सुटका नाही. इमारतीतली पोरंटोरं जिन्यात आतलीची चाल चालतात. ठक्, सर्र. ठक्, सर्र. खोटी आहे हे मला पहिल्याच पावलाला कळतं. तरी दाराशी जातो.

चपलांचं बघतो.

अण्णा

२१ मे

चि. ताई,

तुला सुट्टी लागली असेल असं धरून लांब लिहितो.

त्या शनिवारी तू तिथे होतीस, तेव्हा तुला काय सांगायचं! पण तू तिसऱ्या रांगेत होतीस आणि मी जमिनीवर होतो. जमिनीवरून कसं दिसलं ते लिहितो.

पास मीच आणले होते. बाईंच्या मागे लागून मधल्या खुर्च्या मागून घेतल्या. आई आतलीला हसायची. तुझंही पत्र आलं होतं एकदा, की अण्णा, आतली फार झकास जमलीय. कोणाला आपली स्वतःची चाल ऐकू येत नाही, ताई. मी चाळीस वर्षं याच धंद्यात आहे, मला विचार. आवाज ऐकून ती कधीच ओळखणार नव्हती. म्हणून तर मी बेफिकीर होतो.

चपला मात्र ती ओळखणार होती. चार वर्षांपूर्वी हरवल्या म्हणून तिने आठवडाभर घर पालथं घातलं होतं. मीही तिच्याबरोबर शोधत होतो. पलंगाखाली वाकून बॅटरी मारली होती मी.

तर पडदा नव्हता. मी जमिनीवरच्या लाकडी फळीवर गुडघे टेकून, हातात चपला घालून, डावा हात ओढत चाललो होतो. लोक हसत होते. समोर पाहायची मला सवय नाही, नजर हिरव्या दिव्यावर ठेवायची असते. तो लागला की आवाज काढायचा. दिवा विझला. मी हात थांबवले. आणि चाल चालूच राहिली.

ठक्, सर्र.

मला वाटलं, हातच ऐकत नाहीत. खाली पाहिलं, हात स्थिर होते. मग वर पाहिलं तर ती उठून दोन रांगांमधून दाराकडे निघाली होती आणि तू तिची पिशवी घेऊन मागे. लोकांनी चाल ओळखली. त्यांना वाटलं हीच गंमत आहे, आज आतली बाहेर आणलीय. तेवढा हशा मी त्या वर्षात ऐकला नव्हता. त्यात साहेबांनी हात पुढे करून म्हटलं, “अहो, रागावलात? निदान चहा टाकून जा!”

साहेबांवर राग धरू नकोस. त्यांना माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही.

मी उठलो नाही. पुढच्या पानावर कपबशी फुटायची होती. मी कपबशी फोडली. अगदी वेळेवर.

तू मला घरी येऊन विचारलंस, “अण्णा, तुम्ही एवढंसुद्धा थांबवू शकला नाहीत?” मी म्हणालो, कार्यक्रम थेट जातो. आईने नळ बंद केला, कपाट लावलं, ट्रंक ओढली. मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. आता ती कुठे आहे, काय उचलतेय, मला सगळं कळत होतं. मान वळवायचं काम नव्हतं. म्हणून वळवली नाही.

चपला लवकरच पाठवतो.

अण्णा

९ ऑगस्ट

चि. ताई,

एक घोटाळा झालाय. तुम्ही तिकडे कार्यक्रम ऐकत नसणार, म्हणून सांगतो.

गेल्या महिन्यात असं लिहिलेलं होतं की आतली रागावून घराबाहेर जाते, दार आपटते, साहेब मोठा सुस्कारा सोडून पाय पसरतात, आणि तेवढ्यात विसरलेली पिशवी न्यायला ती परत येते. साधं काम. आमच्याकडे चाकांवरच्या चौकटीत बसवलेलं दार आहे. ती गेली. दार आपटलं. साहेबांनी सुस्कारा सोडला. हिरवा दिवा लागला.

मी तिला परत आणलं नाही.

रेडिओवर गप्प राहणं म्हणजे काय ते तुला सांगून कळणार नाही. काचेमागचा तंत्रज्ञ उभा राहिला. बाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. साहेब काहीतरी बोलत सुटले आणि कशीबशी वेळ भरली. नंतर बाईंनी विचारलं. मी म्हणालो, दिवा दिसला नाही, डोळ्यांत पाणी येतं हल्ली. त्यांनी मान हलवली. म्हातारं झालं की लोक आपल्या वतीने कारणं शोधून देतात.

पुढच्या शनिवारी ठरल्याप्रमाणे आतून भांडी वाजवली, नळ सोडला. सगळ्यांना वाटलं प्रकरण मिटलं. तिसऱ्या दिवशी पत्रांची पोती आली. पोती म्हणजे खरोखर पोती.

लोक कान देऊन ऐकतात, ताई. आम्हालाच ते माहीत नव्हतं. एकाने लिहिलं, ‘वहिनी बाहेर गेल्या, त्या परत आल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. मग भांडी कोण घासतंय?’ एका बाईने लिहिलं, ‘दुसरी आणलीत ना? पुरुषाची जात!’ साहेब नेहमीच्या न्हाव्याकडे गेले, तर तो वस्तरा खाली ठेवून म्हणाला, “आधी घरच्या बाईंना आणा, मग दाढी करतो.” साहेब अर्ध्या साबणात परत आले. हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पण तेव्हापासून प्रत्येक जण मला एकच सांगतो. बाई सांगतात, साहेब सांगतात, चहावाला सांगतो, खालची शेजारीण कपडे वाळत घालता घालता सांगते. “काका, आणा ना तिला परत. तुमच्या हातात तर आहे.”

माझ्या हातात आहे म्हणे!

अण्णा

१४ ऑक्टोबर

चि. ताई,

बाईंनी ठरवलंय. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आतली परत येणार. भिंतींवर कागद लागलेत, ‘ती येते आहे.’ कोपऱ्यावरच्या दुकानाशी एक, आमच्या जिन्याखाली एक. मी दूध आणायला उतरतो तेव्हा तो वाचतो. येताना पुन्हा वाचतो.

काल मी धीर करून बाईंना म्हणालो, “मी तिला आणणार नाही.”

“काका, तब्येत बरी नाही का?”

“तब्येत बरी आहे.”

त्यांनी काचेमागच्या तंत्रज्ञाकडे पाहिलं. त्याने खाली पाहिलं. मग मला कळलं की आतलीची चाल त्यांनी टेपवर भरून ठेवलीय. मागच्या वर्षीच. हळू, रागाने, जिना चढताना, सगळे प्रकार. म्हातारा कधी आजारी पडेल सांगता येत नाही म्हणून. आता मी असलो काय, नसलो काय. मी मेल्यावरही तुझी आई त्या टेपवर चालत राहील आणि लोक हसत राहतील.

म्हणजे मी सोडलं तरी ती सुटत नाही. आणि नाही सोडलं तर ही खोली, ती फळी, तो लाल दिवा. कालपासून मला जेवण जात नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही. आईलाही माहीत नाही. ती लिहितो आणि मग लगेच पाकीट चिकटवून टाकतो.

आई पडली त्यानंतर पायाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर शुक्रवारी आणा, व्यायाम करून घेऊ, चाल सरळ होईल. पहिले सहा शुक्रवार मी नेलं. पाय खरंच सुधारत होता. मी बाहेरच्या खोलीत डोळे मिटून ऐकायचो, आज किती ओढतेय. काळजीने ऐकायचो, शपथ. ऐकता ऐकता ती चाल माझ्या हातात आली. मी ती तालमीत एकदा करून दाखवली आणि साहेब खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. त्या दिवसापासून आतलीला चाल मिळाली.

मग घरी ओढण्याचा आवाज कमी व्हायला लागला, आणि मला... कसं लिहू? मला धास्ती वाटली. चाल हातून जाईल म्हणून. शुक्रवारी तालीम असते, हे खरं आहे. पण तालीम दुपारी तीनला असते आणि डॉक्टर सकाळी दहाला बसायचे. मी आईला म्हणालो, “तालमीमुळे जमत नाही, पुढच्या आठवड्यात जाऊ.” तीन शुक्रवार असेच म्हणालो. चौथ्या शुक्रवारी तीच म्हणाली, “राहू दे, चालतंय की आता.” मी म्हणालो, “हो, चालतंय.”

त्यात पडद्याचा काही दोष नव्हता.

अण्णा

२ डिसेंबर

चि. ताई,

पार्सल पोचलं असेल. त्यात चपला आहेत. माझे हात मोठे, त्यामुळे पट्टे सैल झाले होते. चांभाराकडून शिवून घेतले. लोकरीचे मोजेही घातलेत. आणि एक टेप आहे. ती वाजवून पाहू नका. आईच्या हातात द्या, तिला जे करायचं ते करू दे.

टेप मी चोरली असं म्हणता येईल. गुरुवारी काचेमागच्या तंत्रज्ञाकडे गेलो आणि नुसता उभा राहिलो. तो बराच वेळ तारा गुंडाळत होता. मग म्हणाला, “काका, त्या दिवशी तिसऱ्या रांगेतून उठून गेल्या त्या काकू होत्या ना?” सहा वर्षांत तो माझ्याशी तारांखेरीज कशावर बोलला नव्हता. मी हो म्हटलं. तो म्हणाला, “कपाट उघडं राहिलंय. मी चहाला जातो.”

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार परवा झाला. माणसं जिन्यापर्यंत बसली होती. पडदा होता, नुकताच धुतलेला. मी फळीवर उभा राहिलो, हात रिकामे. साहेब आपलं बोलत होते, घर कसं खायला उठतं, चहात साखर किती घालायची ते कसं कळत नाही. फार छान बोलले. मग थांबून म्हणाले, “कोणीतरी आलं वाटतं!”

हिरवा दिवा लागला.

मी दार उघडलं. बिजागरी करकरली, लोकांनी श्वास धरला. चारशे माणसं गप्प बसली की तो एक आवाजच असतो, ताई, माझ्याकडे त्याचं सामान नाही. दिवा विझला, पुन्हा लागला. पडद्याच्या फटीतून बाई मला हातवारे करत होत्या. काचेमागे तंत्रज्ञ हात पाठीमागे बांधून उभा होता.

मग मी माझ्या बुटांनी चाललो. त्या चौकटीतून पलीकडे गेलो आणि दार मागे ओढून घेतलं. पडद्याबाहेर आलो. लोकांनी मला पाहिलं. रांगांच्या मधून जायला वीस पावलं लागतात. माझे बूट वाजतात, ते सगळं माइकवर जात होतं. लाल दिवा जळत असताना ती दोन दारं तुम्हा दोघींखेरीज आजवर कोणी उघडली नव्हती. मी पहिलं उघडलं. मागून साहेबांचा आवाज आला. ते वाक्य कागदावर लिहिलेलं नव्हतं.

“अहो काका... तुम्हीसुद्धा?”

आणि हशा फुटला. असा हशा की दुसऱ्या दाराचा कापूससुद्धा तो अडवेना. वाक्य चांगलं होतं, मलाही जिन्यात हसू आलं, खोटं कशाला बोलू! पण त्या वीस पावलांत तो हशा पाठीवर घेऊन चालताना पाय कसे पडतात ते मला कळलं. मला तर दोन्ही पाय धड आहेत. आणि मागे माझी पिशवी घेऊन येणारं कोणी नव्हतं.

करार संपला. खोल्या महिनाअखेर सोडायच्या आहेत. बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, थोड्या रडल्याही. पुढे कुठे जायचं ते ठरलेलं नाही. काळजी करू नकोस. म्हणजे कर, पण माझ्यासाठी नको.

एकतीस तारखेपर्यंत मी इथेच आहे. आईला ये असं म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क मी त्या शुक्रवारीच घालवला. दार फक्त लोटून ठेवतो, कडी लावत नाही. जिन्यातली पोरंही आता ती चाल चालत नाहीत, शनिवारपासून माझ्यासारखे बूट वाजवत फिरतात.

एकच विचारायचं आहे. तुझ्या गावात पायाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे तू तिला नेतेस असं खालच्या शेजारणीला कोणीतरी सांगितलं. खरं का? वर्ष झालं. पाय सरळ पडायला लागला का? लागला असेल तर देव पावला. पण मग ती जिन्याने वर आली तरी मला ओळखू येणार नाही. मला तिची जुनी चालच ठाऊक आहे. कोणीतरी भाडेकरू खोली बघायला आलाय असं समजून मी पाठ करून बसून राहीन, आणि ती उंबऱ्यावरून परत जाईल.

तेव्हा आता ती कशी चालते, तेवढं लिही. पाच शब्द पुरे. पण लवकर लिही.

अण्णा